सावरलेली रेघ

चित्रकाराने ते पेन दोन बोटांत उचललं, कोणाचा तरी वापरलेला टूथब्रश उचलावा तसं, आणि खिशातून रुमाल काढून टोकापासून शेवटापर्यंत पुसलं. पुसून झाल्यावर टेबलावर ठेवून दिलं.

“यात शाई कुठाय?” त्याने विचारलं.

“शाई नसते यात, काका,” शिकवणारी मुलगी म्हणाली.

“मग याला पेन कशाला म्हणायचं? काडी म्हणा. आणि मी कोणाचा काका नाही.”

बायकोने टेबलाखालून पायाने त्याचा पाय दाबला. मुलगी हसली. रागावण्याइतकं तिचं वय झालेलं नव्हतं, असं चित्रकाराला वाटलं. तिने “बरं, सर,” म्हटलं आणि ती पुढच्या टेबलाकडे गेली.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हा हॉल. एका बाजूला खिडक्या, मधोमध जोडून ठेवलेली टेबलं आणि एकात एक रचून ठेवता येतील अशा खुर्च्या. प्रत्येकापुढे रबरी कवचातला एक टॅब. जिन्याशी पाटी होती: ‘टॅबवर चित्रकला. ज्यांनी आयुष्यात कधीही काही काढलेलं नाही, त्यांच्यासाठी.’ चित्रकाराने वर येताना ती पाटी थांबून, मोठ्याने, शब्द चावत वाचली होती. पाठीमागून जिना चढणारे लोक खोळंबले होते.

त्याने उभं आयुष्य माणसांचे चेहरे रंगवले होते. कॉलेजांचे प्राचार्य, कंपन्यांचे अध्यक्ष, न्यायमूर्ती. सभागृहांच्या भिंतींवरून ही माणसं अजून खाली बघत होती, आणि प्रत्यक्षात होती त्याहून कितीतरी विचारी दिसत होती. त्यांना तसं दिसायला लावणं हेच आपलं काम, असं तो म्हणे. पण बरेच दिवस त्याने काही रंगवलं नव्हतं. कारणं पुष्कळ होती. रंगात आता भेसळ असते. कॅनव्हास चादरीसारखा सैल येतो. आणि मुख्य म्हणजे रंगवण्याजोगे चेहरेच राहिलेले नाहीत, सगळ्यांची तोंडं एकाच साच्यातून काढल्यासारखी. हे सगळं सांगताना तो उजवा हात खिशात ठेवी.

बायको ऐकून घेई. तिची नोकरी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासण्यात गेली होती. खुर्चीत बसलेले लोक न दिसणारी अक्षरं कशी पाठ करून येतात आणि “दिसतंय, दिसतंय” म्हणतात, ते तिला ठाऊक होतं. अशा वेळी ती गुपचूप भिंग बदलायची. हल्ली घरी ती त्याचा चहा मोठ्या मगात आणायची, अर्धाच. का, असं त्याने विचारलं नव्हतं.

वर्गात दोघांची नावं तिनेच घातली होती.

“मी शिकायला येत नाहीये,” तो म्हणाला होता. “सर्कस बघायला येतोय. तू उड्या मार.”

“मारते,” ती म्हणाली होती.

पहिल्या दिवशी मुलीने फक्त रेघ काढायला सांगितली. वरून खाली, एका दमात. चित्रकार हाताची घडी घालून बसला आणि बघत राहिला. बायकोची रेघ निम्म्यात विचार बदलल्यासारखी डावीकडे वळली. समोर एक निवृत्त दंतवैद्य होता. गोल चेहरा, स्वच्छ नखं आणि प्रत्येक गोष्टीला “वा!” म्हणायची खोड. त्याची रेघ भूल पूर्ण न उतरलेल्या माणसासारखी चालली. त्याच्या शेजारी एक बेकरी चालवणारी बाई, दंडांना अजून पीठ लागलेलं. ती पेन काचेवर असं दाबत होती की आता काच मळून निघेल.

“घसरतंय हो हे,” ती कुरकुरली. “काच गुळगुळीत आहे फार.”

“नाचता येईना अंगण वाकडं,” चित्रकार म्हणाला. फार हळू म्हणाला नाही.

बाईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या घडी घातलेल्या हातांकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली बघून रेघ ओढायला लागली.

घरी जाताना त्याने सगळ्या वर्गाची हजेरी घेतली. दंतवैद्याचं नाव दातवाला पडलं, बाईचं पाववाली. आणि ते दोन बोटं टेकवली की काढलेलं सगळं नाहीसं होतं, ते तर त्याला सहनच होत नव्हतं.

“जिथे चूक फुकटात पुसली जाते तिथे रेघेला काय अब्रू राहणार? आम्ही एक नाक चुकलो तर दोन दिवस घासत बसायचो. म्हणून नाकं यायची.”

“हो,” बायको म्हणाली.

“तू काय काढलंस आज? काय होतं ते?”

“रेघ.”

“ती रेघ होती? मला वाटलं गांडूळ.”

ती हसली. त्याच्या बोलण्यावर हसायची तिला सवय होती, आणि काही वेळा ते खरंच मजेशीर असे.

पुढच्या खेपेला मुलगी खिडकी उघडायला गेली आणि बाकीचे आपापल्या काचांत डोकं घालून बसले, तेव्हा चित्रकाराने इकडेतिकडे पाहिलं आणि पेन उचललं. टोक काचेला टेकण्याआधी तो क्षणभर थांबला. काय उमटणार ते त्याला माहीत होतं. गेलं वर्षभर चेकवरच्या सहीत, दाढीच्या साबणाच्या फेसात, सगळीकडे ते उमटत होतं.

त्याने रेघ ओढली. ती वरून खाली आली, तेल लावल्यासारखी, एकदाही न अडखळता.

त्याने दुसरी ओढली. मग एक कमान, मग कमानीतून कपाळ, भुवईचं हाड, नाकाची धार. जुन्या दिवसांसारखी. पेन जरा पुढे जात होतं आणि रेघ मागून येत होती, एवढंच. तो बराच वेळ त्या नाकाकडे बघत राहिला. मग घसा साफ करून म्हणाला:

“तुमचं यंत्र मंद आहे हो. हात पोचतो आणि रेघ मागाहून येते, रोजंदारीवरच्या गड्यासारखी.”

“हो सर, थोडं होतं तसं,” मुलगी म्हणाली, आणि चटकन दुसऱ्या टेबलाकडे वळली.

दंतवैद्याने मान लांब करून पाहिलं. “वा!” तो म्हणाला. “काय हात आहे!”

चित्रकाराने त्याच्याकडे पाहिलंही नाही. गाढवाला गुळाची चव काय. पण त्या दिवशी घरी जाताना त्याचे दोन्ही हात खिशाबाहेर होते.

त्यानंतर तो वर्गाला सगळ्यांच्या आधी पोचू लागला. खिडकीजवळची खुर्ची त्याची झाली, तो टॅब त्याचा झाला. मुलगी थर म्हणजे काय ते शिकवी, एकावर एक काचा ठेवल्यासारखे, खालचं चित्र न बिघडवता वरच्यावर रंग लावता येतो. तो जांभई देई आणि चेहरे काढत बसे. काढून झाले की उठून टेबलांमागून फिरे. बायकोने किटली काढली तर ती फुगलेलं मांजर आहे का, असं त्याने विचारलं. पाववालीच्या सफरचंदाला त्याने बटाटा म्हटलं. मुलीलाही सोडलं नाही. तिने सावली कशी द्यायची ते दाखवलं, तेव्हा ही सावली आहे की धुऊनही न गेलेला डाग, असं तो सगळ्यांदेखत बोलला. कोणी उलट बोलत नव्हतं. दंतवैद्य तर प्रत्येक चेहऱ्याला “वा!” म्हणत होता. ही सगळी मेंढरं, असं चित्रकार बायकोला सांगे. यांना कोणी धड टीका करायलाही शिकवलेलं नाही.

घरी तो शीळ घालू लागला. मागच्या खोलीतली, कपड्याखाली झाकलेली कॅनव्हास लावायची घोडी त्याने बाहेर ओढून पुसली. आणि एका सकाळी, बायको कपड्यांच्या घड्या घालत असताना, म्हणाला:

“एका कॉलेजचा फोन आला होता. प्राचार्य निवृत्त होतायत. मी हो म्हटलंय.”

बायकोच्या हातातला टॉवेल अर्धवट दुमडलेला राहिला.

“तैलरंगात?”

“मग काय खडूत?”

“एवढ्यात कशाला घाई? जरा बघू.”

“बघू काय? मी विचारत नाहीये, सांगतोय.”

तिने टॉवेलची घडी पुरी केली, ती वाकडी झाली म्हणून मोडली आणि पुन्हा घातली. काहीतरी बोलण्यासाठी तिने तोंड उघडलं होतं. तो घोडीचे स्क्रू घट्ट करत शीळ घालत होता. तिने टॉवेल कपाटात ठेवला.

त्याच आठवड्यात वर्गात कप होता. टेबलाच्या मधोमध एक पांढरा कप ठेवून मुलीने त्याची वरची कड काढायला सांगितली. दिसायला सोपी, काढायला अवघड. बायकोची कड दोन्हीकडे टोकदार झाली. दंतवैद्य मात्र जीभ दातांत धरून, सावकाश, पुन्हा पुन्हा काढत होता आणि त्याला ती हळूहळू जमत चालली होती. हेच चित्रकाराला बघवेना. तो त्याच्या पाठीमागे येऊन उभा राहिला.

“डॉक्टर, ही कपाची कड आहे की दाढेतला खड्डा?”

“तुम्हीच सांगा,” दंतवैद्य हसत म्हणाला.

“सांगत नाही, दाखवतो. द्या इकडे. एकदाच दाखवीन.”

दंतवैद्याचा हात क्षणभर टॅबवरच राहिला. “राहू द्या हो, माझं असंच चालायचं,” तो म्हणाला. पण चित्रकाराने पेन त्याच्या बोटांतून काढूनही घेतलं होतं. खांदा मोकळा करून, मान तिरपी करून, जाणकारांसमोर करावी तशी नीट तयारी करून त्याने कड काढली.

काचेवर जे उमटलं ते खाचखळग्यांतून जाणाऱ्या गाडीत बसून कोणी लिहावं तसं होतं.

त्याने दोन बोटं टेकवून ते पुसलं. पुन्हा काढलं. पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा त्याने मनगट टेबलावर टेकवून पाहिलं. कड आणखीच दातेरी झाली.

“बिघडलंय हे,” तो मोठ्याने म्हणाला. “तुमचं यंत्र बिघडलंय, डॉक्टर.”

समोरच्या पाववालीचं तोंड उघडलं. त्या वेळी म्हणण्यासारखी एक म्हण तिला माहीत होती, याच वर्गात तिने ती स्वतःबद्दल ऐकली होती. तिने तोंड मिटलं आणि दंडावरचं पीठ झटकलं.

“हो हो,” दंतवैद्य म्हणाला. “मघापासून त्रासच देतंय ते. काही विशेष नाही. होईल ठीक.”

शिकवणारी मुलगी धावतच आली. “बघते हं, सर,” म्हणून तिने टॅब उचलला, इथे दाबला, तिथे दाबला. तिच्या बोटांना काही शोधायचंच नव्हतं, हे चित्रकाराला दिसत होतं. आणि टॅबवर, त्याच्या दातेरी कडेखाली, दुसऱ्या थरावर दंतवैद्याने नुकतीच काढलेली कड तशीच होती. अगदी गोल नव्हती, पण कुठेही थरथरलेली नव्हती.

त्याने दंतवैद्याकडे पाहिलं. ‘काही विशेष नाही, होईल ठीक.’ खुर्चीत आ वासून पडलेल्या माणसांशी बोलताना हा आवाज घडलेला होता. “वा! काय हात आहे!” हेही तो याच आवाजात म्हणत आला होता, चित्रकाराने पेन उचललं त्या दिवसापासून.

चित्रकार आपल्या खुर्चीवर परत गेला. स्वतःचा टॅब पुढे ओढला आणि त्यावर सावकाश एक रेघ ओढली. या वेळी त्याने रेघेकडे पाहिलं नाही, पेनाच्या टोकाकडे पाहिलं. टोक थरथरत होतं. पाण्यात पडलेल्या माशीसारखं इकडून तिकडे जात होतं. आणि थोडं मागे राहून रेघ येत होती, सरळ, शांत, स्वच्छ. तो पुढे सांडत चालला होता आणि मागून कोणीतरी सगळं निस्तरत येत होतं.

त्याने पेन ठेवलं. चष्मा काढून पुसला.

“मी खाली उभा आहे,” तो बायकोला म्हणाला.

ती खाली आली तेव्हा तो रस्त्याकडे पाठ करून वाचनालयाच्या बंद खिडकीत बघत होता. दोघं चालू लागली. एक आख्खी गल्ली मागे पडली.

“त्या शिकवणाऱ्या मुलीला कोणी सांगितलं?” त्याने विचारलं.

“मी. पहिल्या दिवशी तुम्ही रेघच काढली नाहीत. त्या दिवशी तुम्ही जिना उतरलात तेव्हा मी मागे थांबले. म्हटलं, याचं काही करता येतं का. ती म्हणाली, येतं, कापरी रेघ सावरून घेण्याची सोय असते त्यात. तिने तुमच्या टॅबवर लावली.”

“आणि मला सांगायचं नाही.”

“सांगितलं असतं तर पेन उचललं असतंत?”

एका दुकानाचं शटर अर्धं उघडं होतं, त्याखालून एक माणूस वाकून बाहेर आला आणि त्यांना वाट द्यायला बाजूला झाला.

“बाकीच्यांना कोणी सांगितलं?”

“त्यांना कोणी सांगायला हवं होतं का? समोर बसतात ती. तुम्ही पेन धरता तेव्हा दिसतं.”

“म्हणजे ती सगळी टोळी मिळून मला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होती.”

“चढवत नव्हती,” ती म्हणाली. “तुम्ही आधीच वर होतात.”

तो थांबला. तिच्याकडे पाहिलं. तीही थांबली, पण तिने डोळे खाली केले नाहीत.

“तुम्ही त्यांना काय काय म्हणता ते त्यांना ऐकू येतं. बेकरीवाली मला म्हणाली, तुझा नवरा कडू बोलतो खरा, पण स्वतःचा हात स्वतःचं ऐकत नसेल तर माणूस गोड बोलणार कुठून.”

“ती म्हणाली? ती पाववाली?”

“हो.”

“मला कोणाची दया नको.”

“तेच मी तिला म्हटलं. ती म्हणाली, दया कसली, आम्ही त्या माणसाला भितो.”

हे त्याला थोडं बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा राग आला. घर येईपर्यंत तो तिच्या दोन पावलं पुढे चालला.

दुसऱ्या दिवशी त्याने कॉलेजात फोन केला. बायको स्वयंपाकघरात होती. तिने नळ बंद केला. पलीकडे कोणी कारकून होता, त्याला चित्रकार कोण हेही माहीत नव्हतं.

“प्राचार्यांच्या तैलचित्राबद्दल बोलतोय. मला ते जमणार नाही.”

“का हो? काही अडचण?”

“हात,” चित्रकार म्हणाला. मग, पलीकडून काही उत्तर येईना म्हणून, “हात कापतो माझा.”

हे त्याने अजून कोणालाच सांगितलं नव्हतं, कुठल्या डॉक्टरलाही नाही. पहिल्यांदा सांगितलं ते या अनोळखी माणसाला, जो दुसऱ्या कोणाशी तरी हळू आवाजात चहाबद्दल बोलत होता.

“बरं बरं,” कारकून म्हणाला. “मग दुसरं कोणी सुचवाल का?”

चित्रकाराने एक नाव सांगितलं. त्या माणसाला तो तरुणपणापासून रंगारी म्हणत आला होता, चारचौघांत आणि तोंडावरही.

“चांगले आहेत का ते?”

“नाही,” चित्रकार म्हणाला. “पण हात स्थिर आहे.”

फोन ठेवून तो मागच्या खोलीत गेला. घोडी परत कोपऱ्यात सरकवल्याचा आवाज आला. नळ पुन्हा सुरू झाला.

पुढच्या काही वर्गांना बायको एकटीच गेली. तो बैठकीत बसून वर्तमानपत्रातल्या फोटोंना नावं ठेवत असे. ती परत आली की पान उलटत विचारी:

“काय म्हणतेय सर्कस?”

“झाडं काढली आज.”

“तुझं काय झालं? फ्लॉवर?”

“झाडू.”

तो हसला नाही, पण पान उलटायचं थांबला. “आणि तो दातवाला? काही म्हणाला?”

“विचारत होते, गेला का म्हणून तो म्हातारा.”

“असं विचारलं त्याने?”

“नाही,” ती म्हणाली. “तब्येत बरी आहे ना, असं विचारलं. तुम्हाला दुसरं जास्त आवडलं असतं म्हणून सांगितलं.”

पुढच्या वर्गाच्या दिवशी ती निघायला लागली तेव्हा तो दारात स्टुलावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. नाडीचं टोक भोकात जात नव्हतं. ती पर्स काखेत धरून उभी राहिली आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिली, तो उठेपर्यंत.

हॉलमध्ये तो शिरला तेव्हा बोलणं एकदम थांबलं, आणि थांबलं हे लक्षात येऊन सगळी एकदम बोलायला लागली. तो खिडकीजवळ गेला. खुर्ची रिकामी ठेवलेली होती. तो बसला आणि मुलीला बोट करून बोलावलं.

“ते कुठे आहे ते दाखवा.”

तिने विचारलं नाही, काय ते. वाकून तिने दोन ठिकाणी बोट लावलं. एक आडवी पट्टी उघडली, तिच्यावर एक ठिपका होता. ठिपका अगदी उजव्या टोकाला होता.

“पूर्ण?” त्याने विचारलं.

“हो, सर.”

“शून्यावर न्या.”

“थोडं राहू द्यायचं का? सगळे थोडं ठेवतात. मीसुद्धा ठेवते.”

“तुम्ही ठेवा.”

तिने ठिपका डावीकडे नेला. मग सरळ उभी राहून, नेहमीपेक्षा जरा मोठ्या आवाजात, आजचा पाठ सांगितला: समोर बसलेल्या माणसाचा चेहरा. चित्रकारासमोर दंतवैद्य बसला होता.

चित्रकाराने सुरुवात केली. कपाळाची पहिली रेघ करवतीसारखी आली. त्याने ती पुसली. दुसरी तशीच. तिसरी पुसायला त्याने बोटं उचलली, आणि पुसली नाही. मुलगी मागून जाता जाता म्हणाली, “मनगटातून नको, सर, खांद्यातून.” हे वाक्य त्याने आपल्या काळात कितीतरी पोरांच्या डोक्यात टपल्या मारून घातलं होतं. त्याने मान न वळवता कोपर टेबलावरून उचललं आणि खांद्यातून रेघ काढली. थोडाच फरक पडला, पण पडला.

चेहरा होत गेला. गाल, डोळ्यांखालच्या पिशव्या, मऊ हनुवटी. सगळं जुन्या घराच्या भिंतीसारखं खरवडलेलं. मुद्दामच असं केलंय, असं म्हणता आलं असतं. नवी मंडळी मुद्दाम करतात आणि त्याला शैली म्हणतात. त्याच्या कपाळावर घाम आला होता. एकदा पेन हातातून सुटून टेबलाखाली घरंगळलं. पाववालीने वाकून ते काढलं, आपल्या ॲप्रनला पुसलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते तसंच उचललं.

वर्ग संपत आला तेव्हा दंतवैद्याने आपला टॅब उलटा ठेवला.

“माझं बघू नका,” तो म्हणाला. “तुमचं बघू का?”

चित्रकाराने टॅब त्याच्याकडे फिरवला. दंतवैद्याचे ओठ सवयीने गोल झाले.

“वा म्हणालात,” चित्रकार म्हणाला, “तर ही काडी तुमच्या नाकात घालीन.”

ओठ मिटले. दंतवैद्याने खिशातून जवळचा चष्मा काढला, नाकावर चढवला आणि टॅब डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ घेतला. चित्रकाराची बायको, जी इतका वेळ आपण काढलेल्या, कागदी होडीसारख्या दिसणाऱ्या नाकात रंग भरत होती, तिचं पेन थांबलं.

“कान चुकलाय,” दंतवैद्य म्हणाला.

“कुठला? डावा की उजवा?”

दंतवैद्याने पुन्हा पाहिलं.

“दोन्ही.”

पाववालीला हसू आवरलं नाही. चित्रकाराने टॅब ओढून घेतला. आधी त्यात पाहिलं, मग समोर. कान फार खाली लागले होते, जबड्यापाशी, कोणा दुसऱ्याच माणसाचे असावेत तसे. दंतवैद्याचे कान चांगले वर, भुवईच्या रेषेत होते, किंचित पुढे झुकलेले, आणि उजव्याच्या पाळीवर एक जुना व्रण होता. तो एवढे दिवस समोर होता. हाताचा यात काही संबंध नव्हता.

बाकीचे उठायला लागले होते. मुलगी टॅब गोळा करत होती. त्याच्यापाशी येऊन ती थांबली, आणि पुढे गेली.

चित्रकाराने दोन्ही कान पुसले. खुर्ची टेबलाला पोट टेकेपर्यंत पुढे ओढली आणि चष्मा वर सरकवला.

“मान सरळ ठेवा, डॉक्टर,” तो म्हणाला. “आणि तोंड बंद.”